सतरा टँकर पाणी

आधीच सांगून टाकतो. मी डिचोलीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. तेव्हा मला कुणी भोळसट समजू नये.

पण ही घटना घडलेली आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो सगुण परब माझ्या आईचा मावसभाऊ. आमचा सगुणमामा. आता पंच्याहत्तरीला टेकलाय. धारगळला हमरस्त्यापासून थोडं आत त्याचं घर आहे, कुणीही जाऊन विचारावं. तो सांगणार नाही, हा भाग वेगळा. मला त्यानं एकदाच सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज मासळीचे भाव सांगावेत इतका सपाट होता.

तारीख एकवीस मे एकोणीसशे त्र्याण्णव. शुक्रवार. अमावास्या. मी पदरचा मसाला लावत नाही, जुनं पंचांग काढून बघा.

गोवा राज्य होऊन सहा वर्षं होत आली होती. आम्ही शिकलीसवरलेली माणसं कोकणी की मराठी म्हणून एकमेकांशी बोलणं टाकत होतो, आणि तिकडे पेडण्याच्या किनाऱ्यावर माडांच्या मधून हॉटेलं उगवत होती. अशाच एका हॉटेलात सगुणमामा कामाला होता. हॉटेलाचं नाव सांगत नाही. तेरेखोलची खाडी तिथून जवळ, एवढं पुरे.

त्याच्याकडे पोहण्याच्या तलावाचं काम होतं.

काम म्हणजे पाणी माणसांना उतरण्याजोगं ठेवायचं. निळ्या कॅनमधून लिक्विड क्लोरीन यायचं. पिवळट, पातळ, वाफ नाकात गेली की डोळ्यांतून पाणी. हॉटेलातली माणसं त्याला ‘वखद’ म्हणायची, म्हणजे औषध. ते घालायचं ऊन उतरल्यावर, कारण ऊन क्लोरीन खातं. माणसं पोहली की त्यांचा घाम आणि मळही क्लोरीन खातो. रात्रभर पाण्यात कुणी उतरलं नाही, तर सकाळी बरंचसं शिल्लक राहतं.

सकाळी काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं. बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. नाही झालं, तर नाही. पाचवीच्या पोराला जमेल असं काम, पण रोज न चुकता करायचं. सगुणमामा चार वर्षं न चुकता करत होता.

आता अनंतबद्दल.

अनंत हा सगुणमामाचा धाकटा भाऊ, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. डिचोलीकडच्या एका खाणीवर पंप चालवायचा. डोंगर पोखरून केलेला तो खड्डा, पावसाळ्यात भरतो, म्हणून पंप लावून उपसत राहावं लागतं. आदल्या वर्षी जुलैत पाऊस कोसळत असताना खड्ड्याचा एक कडा खाली आला. पंप गेला. पंपाशेजारी उभा असलेला अनंत गेला.

पंप दोन दिवसांनी सापडला.

अनंत सापडला नाही...

कंपनीनं तो खड्डा सोडून दिला आणि तो काठोकाठ भरला. पुढं महिन्याभरानं बांद्याहून निरोप आला, की कुणीतरी अनंतला स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत चढताना पाहिलं. कुणी पाहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. अनंतची बायको सुमंगला तेवढ्यावर तगून राहिली. कुंकू, मंगळसूत्र, काकणं, सगळं होतं तिथं राहिलं. मूलबाळ नव्हतं.

भटजींनी स्पष्ट सांगितलं होतं. देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. पण आधी घरातल्या थोरल्यानं आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे, की तो गेला.

थोरला म्हणजे सगुणमामा.

शब्द काढला, तर सुमंगला विधवा. नाही काढला, तर अनंत अधांतरी. दहा महिने सगुणमामा या दोहोंच्या मधे बसून होता. दुःख आवरत नव्हतं म्हणून नव्हे. त्याला काही वाटतच नव्हतं. मला म्हणाला, “पेज गार झाली काय वर साय धरता, तशी माझ्यार साय धरलेली, भाच्या.” तो जेवायचा, कामाला जायचा, झोपायचा. रडला एकदाही नाही.

मे महिन्यात हॉटेलच्या मालकानं तलाव रिकामा करून फरशी दुरुस्त करून घेतली. मग भरायची वेळ आली तेव्हा हॉटेलची विहीर तळाला गेलेली. मॅनेजर होता देवेश, पणजीचा तरुण माणूस, वागायला बरा. त्यानं टँकर ठरवले. टँकरवाला धाकू, सिंधुदुर्गातला. खाणीवर ट्रक चालवून नंतर टँकर घेतलेला.

सतरा टँकर लागले. रविवारी संध्याकाळी शेवटचा रिकामा झाला.

पाणी इतकं नितळ, की तळाच्या फरशीचा सांधा न सांधा दिसत होता. सगुणमामानं हात घालून बघितला.

गार होतं...

दिवसभर मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या टँकरमधलं पाणी. बोटं आखडावीत इतकं गार. त्यानं हात सदऱ्याला पुसला आणि नेहमीप्रमाणे वखद घातलं. नव्या पाण्याला जास्त लागतं, म्हणून जास्त घातलं. आणि हॉटेलच्या मागच्या खोलीत झोपला. त्या आठवड्यात तो घरी जाणार नव्हता.

सोमवारी सकाळी तलाव लाल झालेला होता.

रक्तासारखा वगैरे नाही. तांबूस, मातकट, तळ न दिसणारा.

“सगुणबाब, हें कितें केलें तुमी?” देवेश काठावर येऊन उभा राहिला.

यात भूत नाही, हे मी मास्तर म्हणून सांगतो. जमिनीतल्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असलं तर ते डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो आणि पाणी लाल होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत करून दाखवता येईल. सगुणमामाला रसायन ठाऊक नव्हतं.

पण तो रंग त्याच्या ओळखीचा होता.

अनंत शनिवारी खाणीवरून घरी यायचा, तेव्हा न्हाणीतून अंगणात अगदी असंच पाणी वाहत यायचं. तीन-तीन बालद्या ओतल्या तरी लाल.

दुपारी धाकू आला, तेव्हा सगुणमामानं त्याला चहा दिला आणि विचारलं, “धाकू, पाणी खयचां हाडलंस?”

“पाणी ता पाणी. खयचां म्हणजे?”

“असांच इचारतंय.”

“डिचोलेच्या खाणीचां. बंद पडली ती. गेल्या पावसात कड खाली इली, पंपवालो मेलो मरे, तीच. थयसर पाणी कसां निवळशंख आसा. उगाच कित्याक फुकट घालवचां?”

पंपवाला समोरच्या माणसाचा भाऊ होता, हे धाकूला माहीत नव्हतं. सगुणमामानं ते सांगितलंही नाही.

“बरां,” तो म्हणाला, आणि कपबशी धुवायला घेऊन गेला.

आता तुम्ही विचाराल, त्यानं देवेशला सांगून तलाव रिकामा का करवला नाही? मीही विचारलं. पाणी काढा म्हणायचं, तर कारण द्यावं लागलं असतं. यात माझा भाऊ आहे, असं म्हणावं लागलं असतं. आणि ते म्हटलं, की शब्द तोंडातून निघाला. एवढ्यासाठी तो गप्प बसला. सतरा टँकर पाण्यासमोर एक माणूस गप्प बसला आणि कामाला लागला.

तुरटी टाकली. गाळणीचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला. गाळ तळाला बसला, तो ओढून काढला. बुधवारी सकाळी पाणी पुन्हा नितळ.

त्यानं नळीत पाणी घेतलं. थेंब टाकले.

पिवळं झालं नाही...

आदल्या संध्याकाळी त्यानं दुप्पट वखद घातलं होतं. पाण्याला सूर्य लागायच्या आत तपासलं होतं. कुणी पोहलं नव्हतं. तरी नळीतलं पाणी साधं, नळाच्या पाण्यासारखं. जणू रात्रभर त्यात गावजेवणाची पंगत अंघोळीला उतरली होती.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा दुप्पट. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच.

त्यानं थेंबांची बाटली बदलली. नवी बाटली फोडली.

तेच...

मी तुम्हांला प्रामाणिकपणे सांगतो, लोखंड क्लोरीन खातं. पण लोखंड गाळून काढल्यावर कोण खात होतं, हे मला सांगता येत नाही.

आणि मग सगुणमामाच्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली. ज्या असायला हव्या होत्या आणि नव्हत्या.

सकाळी तलावात चिलटं, पाखरं मरून पडलेली असतात. ती जाळीनं काढणं हे त्याचं पहिलं काम. चार दिवस जाळी कोरडी होती.

काठावर पाणी प्यायला साळुंक्या यायच्या. त्या आता कुंपणावर बसायच्या आणि तिथूनच उडून जायच्या.

बेडकं नव्हती. वारा सुटला तरी पाण्यावर लाट उठत नव्हती...

हे सगळं तो बघत होता, आणि त्याला काही वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही. त्याला स्वतःचंच नवल वाटलं, पण तेही थोडंसं.

गुरुवारी भर दुपारी, बाराच्या ठोक्याला, तो पंपाच्या खोलीच्या सावलीत उकडा भात आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर खात बसला होता. देवेश पेडण्याला गेलेला. हॉटेलात पाहुणा नव्हता. लाईट गेल्यामुळे पंप बंद होता.

खोलीच्या आतून आवाज आला.

टक... टक... टक.

लोखंडी नळावर पाना आपटल्याचा. तीन वेळा. मग थांबला.

सगुणमामाचा हात ताटातच राहिला. अनंतची ही सवय होती. पंप सुरू करण्यापूर्वी तो नळावर पान्यानं तीनदा ठोकायचा आणि कान लावायचा. नळ पोकळ वाजला तर पाणी चढलेलं नाही, भरीव वाजला तर चढलं. खाणीवर बाकी कुणी असं करत नव्हतं. पोरं त्याची थट्टा करायची, की हा पंपाची नाडी बघतो.

टक... टक... टक.

तो उठला. खोलीला बाहेरून कुलूप होतं, किल्ली त्याच्याच करगोट्याला. त्यानं उघडलं. आत पंप, वाळूची टाकी, निळे कॅन. माणूस नाही. पाना भिंतीला अडकवलेला.

पाना ओला होता.

तो बाहेर आला, तेव्हा त्याला ते दिसलं. तलावाच्या शिडीपासून खोलीच्या दारापर्यंत फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती. पाण्याची. इतक्या उन्हात ती झपाट्यानं वाळत होती, आणि वाळताना कडेनं तांबूस रेघ राहत होती. पावलं दारापर्यंत येत होती.

परत गेलेली नव्हती...

सगुणमामानं फडकं घेतलं, फरशी पुसली, आणि उरलेला भात संपवला.

शुक्रवारी देवेशनं निक्षून सांगितलं. “फाल्यां बेळगांवचीं बावीस माणसां येतात, सगुणबाब. तातूंत इकरा भुरगीं. पाणी पिवळें जाता तें म्हाका दाखयात, तेन्नाच हांव तांकां देंवयतलों. एकादें भुरगें दुयेंत पडलें जाल्यार आमी दोगूय घरा.”

उद्या पाहुणे येणार, आणि पाणी पिवळं झालेलं बघितल्याशिवाय तो कुणाला उतरू देणार नव्हता. त्याचं चूक नव्हतं. अकरा पोरं त्या पाण्यात उतरणार, ते पाणी पोटात जाणार, डोळ्यांत जाणार. सगुणमामाला ते पटत होतं. कामापुरतं त्याचं डोकं नीट चालत होतं.

ऊन उतरलं. साडेसहा झाले असतील.

एरवी तो बालदीत वखद पातळ करून मगानं काठाकाठानं ओतायचा. त्या दिवशी बालदीला तळाशी चीर गेलेली निघाली. दुसरी बालदी नव्हती. हॉटेलात ऐनवेळी नेमकी हवी तीच वस्तू नसते, हा जगाचा नियम आहे. अंधार पडायच्या आत काम उरकायला हवं होतं, आणि आज पूर्ण कॅन घालायचा होता, चहूकडे सारखा.

त्यानं एक युक्ती केली. कॅनच्या झाकणाला भोक पाडलं. हातोडी सापडेना, म्हणून खिळा धरून वर चिऱ्याचा तुकडा हाणला. दगडानं. मग कॅन उचलून डाव्या खांद्यावर आडवा घेतला, झाकण बाहेरच्या बाजूला, म्हणजे धार डावीकडे तलावात पडेल. नाकाला ओला पंचा बांधला, आणि तलाव डाव्या हाताला ठेवून चालायला लागला.

धार बारीक पडत होती. एका फेरीत कॅन जेमतेम हलका झाला.

दुसरी फेरी. पुढ्यात कुठून तरी धूर यावा तशी वाफ डोळ्यांत जात होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याला बरं वाटलं, असं तो म्हणाला. कारण वखदाचं का असेना, डोळ्यांतून पाणी तर येत होतं.

तिसरी फेरी.

तिसरी फेरी पुरी झाली, आणि घामानं निसरडा झालेला कॅन खांद्यावरून सटकला. पाठीमागं पडला. फुटला.

आवाज ऐकला, आणि सगुणमामा जागच्या जागी थिजला.

डावा खांदा. दगडानं पाडलेलं भोक. उलट्या तीन फेऱ्या. आणि मागच्या मागं टाकलेलं, फुटलेलं भांडं.

हे त्यानं आयुष्यात एकदाच केलं होतं. बापाच्या चितेभोवती. तेव्हा खांद्यावर मडकं होतं, एवढाच फरक.

तोंडानं शब्द न काढता त्यानं भावाचं क्रियाकर्म करून टाकलं होतं. दर्भ नाही, मंत्र नाही, भटजी नाही. हॉटेलच्या तलावाभोवती. पण माहीत होतं त्याप्रमाणे सगळं झालं होतं. आता फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि ती आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मडकं फुटलं, की चालू लागायचं.

मागं वळून बघायचं नाही.

तो फाटकाकडे चालायला लागला. दहा पावलं. पंधरा.

मागं नळ वाजला.

टक... टक... टक.

तो चालत राहिला. आता भरीव आवाज होता, त्याच्या कानांनी तो ओळखला. पाणी चढलं होतं.

मग पाण्यातून कुणीतरी बाहेर पडल्याचा आवाज. शिडी करकरली. अंगावरून पाणी गळत होतं... फरशीवर टपटप...

“दादा.”

साधी हाक. न रागावता, न रडता. घरात शिरताना मारावी तशी.

सगुणमामानं मागं वळून बघितलं.

मला त्यानं हे सांगितलं, तेव्हाच एकदा तो थांबला. “बगूचा नाय, माका म्हायत होता. पण दहा म्हयन्यांनी हाक मारल्यान, रे. कसा बगूचा नाय?”

मागं कुणी नव्हतं. तलावाचं पाणी शिडीपाशी हिंदकळत होतं, बाकी सगळीकडे स्थिर. शिडीपासून ओली पावलं उमटत येत होती... त्याच्याकडे. त्याच्यापर्यंत आली. त्याच्या बाजूनं, हातभर अंतरावरून, पुढं गेली. अंगाला गार झुळूक लागली आणि नाकात वखदाचा वास भरला. पावलं फाटकातून बाहेर पडली आणि लाल मातीच्या रस्त्याला लागली.

रस्ता धारगळकडे जात होता.

शनिवारी सकाळी नळीत थेंब टाकले, तर पाणी पिवळंधमक. देवेशनं सगुणमामाच्या पाठीवर हात ठेवला. नऊ वाजता बेळगावची अकरा पोरं पाण्यात पडली आणि त्यांनी काठावरची माणसं भिजवून टाकली. साळुंक्या काठावर आल्या. सगळं बरं झालं होतं.

सगुणमामानं दुपारची बस धरली. बसमध्ये त्यानं ठरवलं, की आता बोलायचं. घरी जायचं, सुमंगलाला समोर बसवायचं, आणि सांगायचं. अनंत गेला. मी त्याला पाणी दिलं. चुकतमाकत दिलं, पण दिलं. आता भटजींना बोलावून नीट करू. तिचं कुंकू पुसलं जाईल, पण ती मोकळी होईल. वाक्य त्यानं मनात घोकून घोकून गुळगुळीत केलं.

पद्मावतीमामी, म्हणजे त्याची बायको, घराबाहेर फणसाखाली उभी होती. उन्हात. घरात का नाही, असं त्यानं विचारलं.

“मी आत जावची नाय,” ती म्हणाली. “तुमी जाया. सकाळधरून ती गुणगुणता. सुंगटांचा हुमण केल्यान. तीन पानां मांडली हत, त्यातला एकपण माजा नाय, माका म्हणाली तू मागीर बस.” मग तिनं अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. “आणि ता बगा.”

दोरीवर सदरा वाळत होता.

खाणीच्या कंपनीचा, कामावरचा. अनंतकडे तसा एकच होता, आणि तो अंगात घालून तो शेवटचा गेला होता. मूळचा गडद निळा. आता छातीपासून खालपर्यंत पांढरे चट्टे पडले होते, कापड विरलं होतं. खिशावर सुमंगलानं लाल दोऱ्यानं काढलेलं अ मात्र शाबूत होतं.

सगुणमामा आत गेला.

“भावोजी, इलात?” सुमंगला चुलीपासून उठली. नवं पातळ नेसली होती, केसांत अबोली. “बसा. जेवण तयार आसा.”

तो बसला. स्वयंपाकघराचं मागलं दार त्याच्या पाठीशी होतं.

“सुमंगला, माका तुका कायतरी सांगूचा आसा.”

“सांगा मागीर. ह्ये इले.” ती भात वाढत होती. “काल दिवेलागणीक इले. मी म्हटलां होतां ना, येतले म्हणून? थकले हत खूप. बोलनत नाय. आणि भावोजी, तुमी त्या पाण्यात कसला वखद घालतास? ह्यांचे डोळे लालभडक झाले हत. कातडी सोलली हा. उद्यापासून जरा कमी घाला.”

मागल्या दारी कुणीतरी पाय धूत होतं.

एक लोटा... मग थांबून दुसरा... मग तिसरा.

सगुणमामाच्या तोंडात वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं. ‘अनंत गेला, सुमंगला.’

उंबऱ्यावर ओलं पाऊल पडलं. वखदाचा वास आला. त्याच्या मागच्या पाटावर कुणीतरी बसलं, आणि पाट करकरला.

सुमंगलानं त्याच्या खांद्यावरून पलीकडे वाकून वाढलं, आणि हसली. लग्नाच्या वर्षी हसायची तशी.

“आता सांगा, भावोजी. काय सांगूचा होता?”

“काय नाय,” सगुणमामा म्हणाला. “हुमण बरां झालां.”

तो सगळं जेवला. पानातलं शीत न शीत. एकदाही मागं बघितलं नाही.

पावसाळ्यात हॉटेलवाल्यांनी तलाव रिकामा केला. पाणी खाडीला गेलं. त्यानं काही फरक पडला नाही. सगुणमामानं पुढं दोन वर्षं ते काम केलं, मग सोडलं. ते भटजी वारले. नवे भटजी विचारत नाहीत. सुमंगलामामी आता साठी ओलांडून गेली, कपाळावर कुंकू ठसठशीत. चेहऱ्यावर समाधान असतं, तेच बघवत नाही.

मी सगुणमामाला विचारलं, की त्या दिवशी नाही तर नाही, पण नंतर तरी का सांगितलं नाहीस? तीस वर्षं हाताशी होती. एक शब्द बोलायचा होता.

त्यानं अंगणाकडे बघितलं.

“कसां सांगू, भाच्या?” तो म्हणाला. “तो ऐकाक थयच बसलेलो.”

मी विज्ञानाचा मास्तर. धारगळला मी अजून जातो, तासभर बसतो. जेवायचा आग्रह होतो. पाटावर पानं मांडल्याचा आवाज आला, की मी बसची वेळ झाली म्हणून उठतो.